कापूरहोळला उजवीकडे

सगळं पुणं कासच्या रांगेत उभं होतं, त्या शनिवारी आम्ही चौघं भोर-मांढरदेवीच्या आडरस्त्याने वाईला पोचलो. दहा-बारा किलोमीटर जास्त पडले आणि वेळ दुप्पट लागला. पण जे मिळालं ते हायवेवर मिळालं नसतं.

सप्टेंबर संपत आला की पुण्यातल्या ऑफिसांमध्ये एक साथ पसरते. शुक्रवारी दुपारी चहाच्या मशीनपाशी कुणीतरी म्हणतं, ‘कासला जाऊया यार, फुलं आलीयेत.’ आणि मग शनिवारी सकाळी तेच ऑफिस, त्याच गाड्या, फक्त ठिकाण बदललेलं. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आपल्याच पार्किंगमधली ओळखीची नंबरप्लेट दिसते. आपण एकमेकांना हात करतो आणि पुढे खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे एकत्र उभे राहतो.

आमचाही बेत हाच होता. गाडीत आम्ही चौघं. चालवायला टेस्टिंग डिपार्टमेंटचा आमचा मित्र. हा माणूस गिअरसुद्धा दोनदा तपासून टाकतो, म्हणून त्याचं नावच ‘टेस्टिंग’ पडलंय. मागे ‘एचआर’, जिच्या पर्समध्ये लिंबाच्या गोळ्यांपासून बॅण्डेजपर्यंत सगळं असतं. तिच्या शेजारी ‘वाईकर’. याचं आडनाव वाईकर नाही, पण घर वाईचं. आणि पुढच्या सीटवर नकाशा धरून मी.

वाईकर त्या दिवशी जरा गप्पच होता. शिरवळच्या खूप अलीकडेच गाड्यांची रांग दिसायला लागली तसा तो म्हणाला, ‘कास राहू दे. वाईला जाऊया. मला घरी एक काम आहे. आणि हायवेने नको, भोरवरून जाऊ.’

‘कसलं काम?’ एचआरने विचारलं.

‘सही करायची का नाही, ते बघायचंय.’

दोन घंटा, एक रस्ता

आता आडवाटेनेच जायचं ठरलं म्हटल्यावर पहिला थांबा हायवेच्या अगदी कुशीतला घेतला. चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळलं की दोन-तीन किलोमीटरवर बनेश्वर. झाडीतलं महादेवाचं देऊळ, पाण्याची कुंडं, मागे छोटा धबधबा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं. शाळेच्या सहलीत प्रत्येक पुणेकर इथे एकदा येऊन डबा खाऊन गेलेला असतो. पण सहलीत कुणी वर बघत नाही. वर एक घंटा आहे, तिच्यावर क्रूस आहे आणि साल आहे १६८३!

महादेवाच्या देवळात चर्चची घंटा? तर त्याचं उत्तर आहे वसई. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांमध्ये आल्या. बनेश्वरची ही त्यातली एक. दुसरी एक आपल्याला याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मेणवलीत भेटणार होती. टेस्टिंगने लगेच मनातल्या मनात हिशेब मांडला : एवढं वजनदार धूड वसईहून घाट चढून आणलं कसं असेल? आपण घरात साधा फ्रिज आणायचा तर लिफ्टचं माप घेत बसतो.

परत हायवेला लागून थोडं पुढे कापूरहोळ. इथे खरा निर्णय असतो. सरळ गेलात तर सातारा, डावीकडे नारायणपूर-सासवड, उजवीकडे भोर. आम्ही उजवीकडे वळलो आणि दोन मिनिटांत हॉर्नचे आवाज बंद झाले. सप्टेंबरातल्या भोर तालुक्याचं वर्णन एका शब्दात करता येतं : भात. इंद्रायणी आणि आंबेमोहोर. लोंब्या धरलेली खाचरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि काचा खाली केल्या की त्यांचा वास थेट गाडीत. एचआरने एसी बंद करायचा हुकूम दिला.

भोरच्या अलीकडे इंगवलीजवळ नीरा नदी असं काही वळण घेते की वरून बघताना गळ्यातला हार ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून तो ‘नेकलेस पॉइंट’. सिनेमावाल्यांनी तो आधीच शोधलाय, त्यामुळे इथे मोबाइल उंच धरलेले चार-सहा जण कायम असतात. आम्हीही धरले. दहा मिनिटांत आटपलं.

धरण आमचं, पाणी खालच्यांचं

खरी मजा त्या फोटोच्या पलीकडे, भाटघर धरणापाशी. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. पावसाळा संपताना तो तुडुंब असतो. याच पाण्याखाली कांबरे गावचं कांबरेश्वराचं जुनं देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की ते बाहेर येतं, तेव्हा लोक दर्शनाला जातात आणि पावसाळ्यात देव परत पाण्यात. आम्ही गेलो तेव्हा तिथे फक्त पाणी होतं. ‘मे महिन्यात या,’ असं टपरीवाल्या काकांनी सांगितलं, जणू देव गावाला गेलेत आणि सुट्टीत परत येतील.

त्यांनाच विचारलं, एवढं पाणी म्हणजे भोरची चैन असेल ना? काका हसले. ‘धरण आमचं, पाणी खालच्यांचं.’ भाटघरचं पाणी नीरेत सुटतं आणि पुढे वीरहून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे उसाला जातं. इथल्या डोंगरातल्या वाड्यांवर मात्र उन्हाळ्यात हंडे हलतात. चहा चांगला होता, पण तो पिऊन झाल्यावर गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

भोर गाव मात्र मूड परत आणतं. हे संस्थानचं गाव. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या घराण्याकडे, म्हणजे पंतसचिवांकडे, भोर थेट १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत राहिलं. त्यांचा राजवाडा भर गावात आहे आणि तो बघितला की ‘अरे, हे कुठेतरी पाहिलंय’ असं होतंच. कारण शूटिंगसाठी त्याला सतत मागणी असते. बाजारात शनिवारची गडबड होती. आम्ही गरम वडापाव आणि तळलेल्या मिरच्या घेतल्या, चौघांचे मिळून पैसे दिले ते आमच्या ऑफिसच्या कॅफेतल्या एका कॉफीइतके. टेस्टिंगने पावती मागितली. दुकानदाराने त्याच्याकडे दयेने पाहिलं.

एका शपथेची गोष्ट

भोरहून एक फाटा वरंधा घाटाने महाडला उतरतो. आम्ही तो सोडून मांढरदेवीचा रस्ता धरला. इथून पुढे जेवढं सुंदर तेवढंच अरुंद. एका बाजूला सोनकीची पिवळीधमक उतरण, दुसऱ्या बाजूला तेरडा, मधे आमची गाडी आणि समोर निवांत बसलेल्या तीन म्हशी. कासला ऑनलाइन बुकिंग करून जी फुलं लांबून बघायची, त्यांची साधी भावंडं इथे रस्त्याच्या कडेला फुकट उभी होती.

वाटेत अंबवडे. न चुकता थांबावं असं गाव. ओढ्यावर संस्थानच्या राजवटीतला झुलता पूल आहे, पलीकडे झाडीत नागेश्वराचं देऊळ, आणि जवळच त्याच शंकराजी नारायणांची समाधी. वाईकरला त्यांची गोष्ट माहीत होती. औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. शंकराजी तोवर ताराबाईंच्या बाजूने उभे होते, त्यांना एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेली. आता समोर संभाजी महाराजांचा मुलगा. शपथ मोडवेना आणि शाहूंवर शस्त्रही धरवेना. त्याच वर्षी त्यांनी इथे अंबवड्यात आपलं जीवन संपवलं.

‘बाप रे,’ एचआर म्हणाली. ‘नुसतं राजीनामा देऊन चाललं नसतं?’

आम्ही हसलो. वाईकर हसला नाही. पुलावर उभं राहून तो एवढंच म्हणाला, ‘दोन्हीकडची माणसं आपलीच असली की अवघड असतं.’

मग त्याने सांगून टाकलं. वाईच्या गणपती आळीत आजोबांचं घर आहे. आजी-आजोबा गेले, शेवटचे भाडेकरूही गेले. तीन काका तीन शहरांत. आता एक गिऱ्हाईक आलंय, सगळ्यांच्या सह्या झाल्यात. वडील नाहीत, त्यामुळे त्यांच्या जागी सही याची. एका काकांना मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची घाई आहे आणि ती खरी आहे. पण याचा पेन चालत नाही. तीन महिने तो कागद बॅगेत घेऊन ऑफिसला येतोय-जातोय.

घाटमाथ्यावर

आंबाडखिंडीचा घाट चढून आपण मांढरदेवीला पोचतो. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांहून उंच काळूबाईचं ठाणं. हवा गार, खाली दोन्हीकडे खोरी. एकीकडे नीरेचं, दुसरीकडे कृष्णेचं. पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच कळलं की आपण एका नदीच्या घरातून दुसऱ्या नदीच्या घरात चाललोय. हायवेवर हे कधीच कळत नाही.

देवळाच्या पायऱ्या चढताना मात्र २५ जानेवारी २००५ आठवतेच. पौष पौर्णिमेची यात्रा, लाखोंची गर्दी, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, चेंगराचेंगरी, मग दुकानांना लागलेली आग. २९० हून जास्त माणसं त्या दिवशी गेली. त्यातली बरीचशी लांबलांबच्या खेड्यांमधली, साधी, नवस फेडायला आलेली. आम्ही गेलो त्या शनिवारी पायऱ्यांवर तुरळक माणसं होती. हळदी-कुंकवाचा ढीग समोर घेऊन बसलेल्या एका मावशींनी एचआरच्या कपाळाला मळवट भरला आणि म्हणाल्या, ‘सावकाश उतर गं बाई.’ इथे हे वाक्य नुसतं बोलायचं म्हणून कुणी बोलत नसावं.

पलीकडचा घाट वाईकडे उतरतो. प्रत्येक वळणाला खोरं थोडं जवळ येतं. समोर पांडवगड, खाली हळदीची आणि उसाची शेतं. वाटेत लाल डबा भेटला. आपली एसटी ज्या आत्मविश्वासाने अशा वळणावर येते, तो आत्मविश्वास अप्रेझलच्या मीटिंगमध्ये यायला हवा. टेस्टिंगने गाडी कडेला घेतली, ड्रायव्हरकाकांनी हात वर केला, झालं.

वाई : पुराची रेघ आणि ज्ञानाचे खंड

वाई म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. ‘गंगाजल’, ‘दबंग’, सगळ्यांचं उत्तर भारतातलं गाव प्रत्यक्षात वाई. पण घाटावर उतरलात की कॅमेरा आत ठेवा. कृष्णेच्या काठाने एकामागून एक दगडी घाट, आणि गणपती घाटावर ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती एवढी अवाढव्य की नमस्कार करायच्या आधी आपण नुसतं बघत बसतो. देवळाच्या मागे जाऊन भिंत जरूर बघा. नदीच्या बाजूला ती माशासारखी निमुळती केलीय, म्हणजे पूर आला की पाणी दुभंगून दोन्हीकडून निघून जावं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं डिझाइन, आणि अजून टेस्टिंग चालू आहे, असं आमच्या टेस्टिंगनेच सांगितलं.

याच लहानशा गावात मराठी विश्वकोश घडला, हे माझ्या बरोबरच्या दोघांना माहीत नव्हतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ मध्ये, आणि पुढे एकूण २० खंड. जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं काम मुंबईत नाही, पुण्यात नाही, तर कृष्णाकाठच्या गावात बसून झालं. एचआर म्हणाली, ‘म्हणजे वर्क फ्रॉम वाई!’

मग आम्ही घरी गेलो. अरुंद आळी, दगडी जोतं, लाकडी दार. किल्ली समोरच्या आजींकडे. त्यांनी वाईकरला आधी निरखलं आणि म्हणाल्या, ‘तू धाकट्याचा ना? वाळलास.’ मग आम्हा चौघांना बसवून पिठलं-भात वाढला. आधी सांगून गेलो असतो तर पुरणपोळी झाली असती, हेही ऐकवलं.

घरात वाळलेल्या पानांचा आणि बंद लाकडाचा वास. फडताळं रिकामी, माळ्यावर एक पाळणा उलटा टांगलेला. ओसरीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक फिकट आडवी रेघ होती. आजी म्हणाल्या, ‘पुराची. धरण झाल्यापासून एवढं नाही येत पाणी.’

वाईकरने हळूच विचारलं, ‘आजी, घर विकलं तर तुम्हाला वाईट वाटेल ना?’

आम्हाला वाटलं, आता डोळे पाणावणार. छे! आजी म्हणाल्या, ‘विका की. वाईट कशाचं? या आळीत संध्याकाळी दिवा किती घरांत लागतो मोजून बघ. विकत घेणारा राहायला येणार असेल तर आजच सही कर. नुसतं कुलूप बदलणार असेल तर मात्र तुझंच कुलूप काय वाईट आहे?’

आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. ‘ही आता तूच ठेव. माझे गुडघे तुमचा जिना चढत नाहीत.’

मेणवलीची दुसरी घंटा

उन्हं कलताना तीन किलोमीटरवरच्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, एकात एक सहा चौक, मागे कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट. ‘स्वदेस’ (२००४) मधलं गाव हेच. घाटावरच्या छोट्या मंडपात दुसरी घंटा आहे. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, साल १७०७, आणि अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. सकाळी बनेश्वरला भेटलेलीची ही वसईची बहीण. टेस्टिंगने दोन्हींच्या सालांची वजाबाकी केली : २४ वर्षांचं अंतर.

नाना १८०० मध्ये गेले. पुण्याचं राजकारण त्यांच्याशिवाय उलटंपालटं झालं, पण त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे या मेणवलीत राहिल्या. वाडा टिकला तो कुणीतरी राहिलं म्हणून, आणि नंतरही कुणीतरी झाडत राहिलं म्हणून. आमच्याकडे ज्याला आपण ‘हेरिटेज’ म्हणतो, त्याचा मूळ खर्च बहुधा केरसुणीचा असतो.

घाटाच्या पायरीवर बसून वाईकरने काकांना फोन लावला. आम्ही लांब सरकलो, पण नदीकाठी आवाज लांब जातो. तो म्हणाला, ‘काका, सही करणार नाही असं नाही. पण घेणारा राहायला येणार आहे का, ते मला त्याच्याशी बोलून बघायचंय. आणि कृष्णाबाईचा उत्सव होऊ दे. तोवर थांबा. मुलीच्या फीचं आत्ताचं मी बघतो.’

वाईत हा उत्सव थंडी सरताना असतो. एकेका घाटाचा वेगवेगळा, कृष्णाबाई पालखीतून येते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. गणपती आळीतल्या घराघरातून पूर्वी माणसं वाढायला असायची.

पलीकडून काका काहीतरी म्हणाले. बहुधा, उत्सवाला आता त्या घरात येणार कोण, असं. कारण वाईकरने आमच्याकडे वळून बघितलं. एचआरने बोटांनी ‘चार’ दाखवलं.

‘चौघं आहोत काका,’ तो म्हणाला. ‘वाढपी म्हणून.’

परतताना सुरूरच्या रस्त्यावरचे उरलेले जुने वड ओलांडून आम्ही हायवेला लागलो तेव्हा अंधार पडला होता. समोर लाल दिव्यांची लांब रांग, कासहून परतणारी. आमच्याकडे काढायला फोटो कमी होते. पण वाईकर रांगेतच झोपून गेला, आणि तीन महिन्यांत तो गाडीत झोपलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

तुम्हीही जाणार असाल तर...

रस्ता : पुणे - नसरापूर (बनेश्वर) - कापूरहोळ - भोर - अंबवडे - मांढरदेवी - वाई - मेणवली. येताना सुरूरमार्गे हायवे. सकाळी सहाला निघालात तर रात्री नऊपर्यंत घरी.

कधी : सप्टेंबरअखेर ते डिसेंबर बेस्ट. भर पावसात घाटात धुकं आणि दरडींचा धोका असतो. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला यात्रेची प्रचंड गर्दी असते. नुसतं फिरायचं असेल तर ते दिवस टाळा.

गाडी : छोटी गाडी बरी. भोरला पेट्रोल भरून घ्या. घाटात हॉर्न वाजवा आणि एसटीला वाट द्या.

खाणं : भोरच्या बाजारात वडापाव, वाईत साधं जेवण. येताना भोरचा तांदूळ आणि वाईची हळद घ्या, आई खूश होईल.

वेळ उरला तर : वाईपासून आठ-दहा किलोमीटरवर धोम. नृसिंहाचं देऊळ, आणि कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी असेल तर कासव तरंगतंय असं वाटतं.

आणि हो : मेणवलीचा वाडा खासगी आहे. विचारून आत जा, पायातलं बाहेर काढा, आणि वाडा दाखवणाऱ्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवायला विसरू नका.